तेल काठाला येईपर्यंत

इंजिनाला तेल लागतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं, तेही म्हातारं होतं आणि बदलावं लागतं, हे मात्र गाडी चालवण्यात हयात घालवलेल्या ड्रायव्हरलाही समजावून सांगावं लागतं. "मिस्त्री, हे काय नवीन काढलं आता?" असं म्हणून तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की जणू मी त्याच्या खिशातच हात घातला. आमच्या धंद्यात न दिसणाऱ्या वस्तूवर कुणाचा विश्वास नसतो. गिअरबॉक्स बिचारा गाडीच्या पोटाखाली, धुळीत, चिखलात, कुणाच्या नजरेला न पडता काम करत असतो. तो बोंबलायला लागला की मगच माणसाला आठवतो.

आमच्या चादरींच्या शहरात, भवानी पेठेच्या कडेला, एका पॉवरलूमच्या भिंतीला टेकून माझी पत्र्याची शेड आहे. दिवसभर भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट येतो. नवा माणूस डोकं धरतो, मला तो नसला की चुकल्यासारखं वाटतं. माझ्याकडे जुन्या पिकअप येतात. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात, तिथं कॉफी मिळते. माझ्याकडे बसायला एक टायर आहे.

तर काम सांगतो. गिअरबॉक्सला दोन नट असतात. एक खाली, जुनं तेल सोडायचा. एक बाजूला, नवं भरायचा. नवखा मिस्त्री घाईघाईनं खालचा नट खोलतो, तेल सोडून देतो आणि मग बाजूच्या नटाला पाना लावतो. तो वर्षानुवर्षं गंजून बसलेला असतो, हलत नाही. झालं! गिअरबॉक्स कोरडा, नवं तेल घालायला वाट नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून आधी बाजूचा नट सुटतो का बघायचं, मग खालच्याला हात लावायचा. आधी कळस मग पाया ही म्हण लोक चेष्टेनं वापरतात, आमच्याकडे ती कामाची रीत आहे.

दुसरी गोष्ट, तेल गरम असताना सोडायचं. थंड तेल काकवीसारखं चिकटून बसतं आणि घाण आतच राहते. म्हणून आधी गाडीला एक फेरी मारून आणायची. तिसरी गोष्ट भरण्याची. बॉनेटमधून एक रबरी नळी खाली सोडायची, तिचं टोक बाजूच्या भोकात धरायचं, वरून नरसाळ्यानं नव्वद नंबरचं तेल ओतायचं. तेल भोकाच्या खालच्या काठाला आलं की गिअरबॉक्स भरला. त्याला दुसरं माप नाही. म्हणजे हे काम दोघांचं. एक वर ओतणारा, एक खाली पोत्यावर आडवा पडून काठाकडे बघणारा. खालचा ओरडला की वरच्यानं हात थांबवायचा.

माझा खालचा माणूस म्हणजे उस्मानभाई. आम्ही भागीदार. तो अंगानं सडपातळ, म्हणून गाडीखाली तो आणि वर मी, अशी वाटणी पहिल्या दिवशी झाली आणि शेवटपर्यंत तीच राहिली. एरवी त्याचं बोलणं दख्खनी, "हौ" आणि "नक्को"चं. पण तेल भरलं की तो खालून मराठीत ओरडायचा, "काठाला!" कुठून उचललं होतं कोण जाणे. त्याच्या त्या ओरडण्यावर माझा इतका भरवसा, की मी ओतताना खाली वाकूनसुद्धा बघत नसे.

परातीची रीतही त्याचीच. जुनं तेल आम्ही डब्यात सोडत नव्हतो, पांढऱ्या इनॅमलच्या परातीत सोडायचो. मग ती परात उन्हात नेऊन गाडीमालकाच्या पुढ्यात धरायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला? काळं असेल तर तेल म्हातारं. दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. आणि सोन्यासारखं चमचमत असेल तर वाईट, कारण ती आतल्या पितळी कड्यांची पूड असते. लोक त्या चमकण्याला भुलतात. एक चादरीचा व्यापारी तर परातीकडे बघून खूष झाला होता, "वा, काय तेज आहे!" म्हणाला. उस्मानभाई त्याला म्हणाला, "सेठ, ये तेज नक्को. गाडी जाने का टाइम आया." परातीत जे आहे तेच मालकाला सांगायचं, कमी नाही, जास्त नाही, हा आमच्या शेडचा नियम होता. या नियमापायी आमची गिऱ्हाइकं तुटली आणि या नियमापायीच टिकली.

एकदा एक जण नुकतीच घेतलेली जुनी पिकअप घेऊन आला. गिअरबॉक्स इतका गप्प, की मला शंका आली. जुना गिअरबॉक्स थोडा तरी कुरकुरतोच, घरातल्या म्हाताऱ्यासारखा. उस्मानभाईनं खालचा नट खोलला तर तेल येईना. मग लापशीसारखा एक गोळा परातीत पडला. लाकडाचा भुसा! विकणाऱ्यानं झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला तेलात भुसा कालवला होता. घेणारा परातीकडे बघतच राहिला आणि मग टायरवर बसून रडायला लागला. उस्मानभाईनं त्याला चहा पाजला. मी पाने पुसत राहिलो.

उस्मानभाईचे गुडघे गेले तेव्हा त्याची मुलगी त्याला हैदराबादला घेऊन गेली. जाताना त्यानं गाडीखालचं पोतं झटकून घडी घातलं आणि भिंतीला लावून ठेवलं. मग आमचे फोन सुरू झाले. "तब्येत?" "चालू है. तुम्हारी?" "चालू आहे." त्यानंतर दोघंही गप्प. आयुष्यभर आमच्यामध्ये एक गाडी असायची, तो खाली, मी वर, आणि बोलणं चालायचं. पोरींची लग्नं, माझ्या बायकोचं आजारपण, तिचं जाणं, सगळं आम्ही गाडीच्या आरपार बोललो होतो. नुसत्या फोनवर ते जमेना. गेल्या वर्षी त्याच्या नंबरवरून मुलीचा फोन आला आणि ते गप्प फोनही संपले. मला त्याच्याशी अजून पुष्कळ बोलायचं होतं, हे त्या दिवशी कळलं.

तो हैदराबादला गेला तेव्हापासून मी एकटाच तेल बदलतो. नळी तारेनं बांधायची, वर येऊन थोडं ओतायचं, खाली जाऊन बघायचं, परत वर यायचं. काम होतं, होत नाही असं नाही. पण ओतताना कान उगाच खाली लागलेले असतात.

याच दिवसांत शहराजवळच्या कुंभारी गावचे आबा यायला लागले. म्हणजे गिऱ्हाईक जुनंच. घरची थोडी शेती, एक पुराणी पांढरी पिकअप, तिच्यातून भाजीपाला नाहीतर कडबा आणायचे. त्यांची बायको गेली, मुलगा प्रकाश पुण्याला स्थायिक झाला, तसा भाजीपालाही थांबला. पिकअप मात्र थांबली नाही. ते रिकामी गाडी घेऊन शहरात यायचे आणि माझ्या शेडपुढे लावायचे.

"मिस्त्री, गिअरबॉक्स जरा जड पडतोय बग."

मी तेल सोडायचो. परातीत तेल मधासारखं स्वच्छ. पहिल्यांदा मी म्हणालोसुद्धा, "आबा, हे तेल अजून पुष्कळ चालेल."

"चालंल की. पन घाल नवं. गाडी हाय, तिचं बी मन राखाय पायजे."

मी एकटाच वरखाली करतोय हे त्यांनी पाहिलं आणि एका खेपेला भिंतीजवळचं पोतं उचलून त्यांनीच खाली अंथरलं. मी नको नको म्हणेपर्यंत आबा आडवे झालेसुद्धा. या वयाचा माणूस, धोतर सावरत, गाडीखाली! मी ओतत राहिलो आणि खालून आवाज आला, "आलं रं!"

मी म्हणालो, "आबा, काठाला म्हणायचं."

"का रं? आलं म्हनलं तर तेल मागं जाईल व्हय?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे."

पुढच्या खेपेपासून ते "काठाला!" असंच ओरडायला लागले. तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची मला सवय करून घ्यावी लागली, पण झाली. आबा कशासाठी येतात हे मला कळत होतं, आणि मी त्यांना का येऊ देतो हेही. आम्ही दोघंही ते बोललो नाही. नव्या तेलाचा खर्च आम्ही अर्धा माझा, अर्धा त्यांचा असा वाटून घ्यायचो, आणि काढलेलं स्वच्छ तेल शेतकऱ्यांच्या जुन्या ट्रॅक्टरांना जायचं, त्यामुळे पापही लागत नव्हतं.

मग एक दिवस प्रकाशचा पुण्याहून फोन आला. आवाज चांगल्या मुलाचा होता, मी त्याला नावं ठेवणार नाही.

"काका, आबांना आता नीट दिसत नाही. परवा शेजाऱ्याच्या गोठ्याचा खांब पाडला. म्हैस थोडक्यात वाचली. उद्या एखादं लेकरू मध्ये आलं तर? गाडी सोडा म्हटलं की जेवण सोडतात. तुमचं ते ऐकतील. तुम्ही एवढंच सांगा, गिअरबॉक्स गेला, पार्ट मिळत नाहीत."

मी "बघतो" म्हणालो. फोन ठेवल्यावर काम सुचेना. पोरगा खोटं बोलत नव्हता. आबांच्या गाडीचा डावा आरसा फुटलेला मीही पाहिला होता. रस्त्यावरच्या लेकराचा विचार डोक्यातून जाईना. आणि दुसरीकडे, गाडी गेली तर हा माणूस कुंभारीच्या त्या घरात भिंतींकडे बघत बसणार, हेही दिसत होतं. घरी भिंतींकडे बघत बसणं म्हणजे काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

कामाच्या बाकाखाली दुसऱ्या एका गाडीचं काढलेलं तेल डब्यात होतं, पितळेच्या पुडीनं चमचमणारं. ते परातीत ओतून आबांपुढे धरलं असतं तर काम झालं असतं. उस्मानभाई बघायला नव्हता. मी तो डबा बाहेर काढून ठेवलाही.

आबा आले. नेहमीप्रमाणे पोतं अंथरून खाली गेले. मी बाजूचा नट सोडवला, खालचा खोलला, तेल परातीत आलं. स्वच्छ. मी त्या डब्याकडे बघितलं आणि पायानं तो बाकाखाली परत सरकवला. आधी भरून तरी घेऊ, मग बघू, असं म्हणून नट लावला आणि वर जाऊन ओतायला लागलो.

ओततोय, ओततोय. खालून आवाज नाही. नेहमीच्या अंदाजापेक्षा जास्त तेल गेलं. मला वाटलं नळी सुटली. तेवढ्यात आवाज आला, "काठाला!" पण तो नेहमीसारखा नव्हता.

मी खाली वाकून बघितलं. तेल काठावरून केव्हाच वाहायला लागलं होतं. आबांच्या मनगटावरून कोपरापर्यंत बाही भिजली होती, जमिनीवर थारोळं झालं होतं. आबा त्या भोकाकडे बघत तसेच पडून होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मला दिसलंच न्हाई रं. हाताला लागलं तवा कळलं."

मी त्यांना बाहेर काढलं, टायरवर बसवलं, चिंधीनं हात पुसला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो अंगाला चिकटला की जात नाही. ते आपला हात हुंगत बसले. मग म्हणाले, "परात दाव."

मी परात त्यांच्यापुढे उन्हात धरली. त्यांनी डोळे बारीक केले, मान अगदी जवळ नेली.

"कसं हाय?"

"चांगलं आहे, आबा."

"गिअरबॉक्स?"

"तोही चांगला आहे."

त्यांनी परातीच्या काठावरून बोट फिरवलं. पलीकडे माग चालू होते. मग म्हणाले, "पर्काशचा फोन आल्ता न्हवं तुला?"

"आला होता."

"काय सांग म्हनला?"

"गिअरबॉक्स गेला म्हणून सांगा म्हणाला."

आबा हसले. "मंग सांगितलं का न्हाईस?"

"परातीत तसं नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "गाडी हितंच ऱ्हाऊ दे. पर्काशला मीच सांगतो, गिअरबॉक्स फुटला म्हनून. डोळं गेलं म्हनून सांगितलं तर उद्याच मला पुन्याला उचलून न्हील. तितं लिफ्टमदी माज्यासंगं कोन बोलनार हाय?" आणि माझ्यादेखत त्यांनी पोराला फोन लावून, पार्ट कुठंच मिळत नाही म्हणून मिस्त्री कसा हात टेकून बसलाय, ते असं रंगवून सांगितलं की मलाच त्या धडधाकट गिअरबॉक्सची काळजी वाटायला लागली.

मी त्यांना त्यांच्याच गाडीतून कुंभारीला सोडलं. डावीकडच्या सीटवर बसायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. पाय सारखा नसलेल्या क्लचवर जात होता. घराशी उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मागे न बघता आत गेले. येताना रिकामी डावी सीट माझ्याशेजारी होती आणि मला रडू आलं. सांगायला लाज कशाची?

पण आबा थांबणारे नव्हते. थोड्याच दिवसांत शेअर रिक्षानं शेडवर हजर. "उभ्या गाडीचं तेल बसतं न्हवं खाली?" तेल बदलायचं तर आधी गरम व्हायला हवं, तेल गरम व्हायला फेरी हवी, आणि फेरी म्हणजे कुंभारीचा रस्ता. मी चालवायचो, ते शेजारी बसून "आता दुसरा टाक, चढ हाय की" म्हणून हुकूम सोडायचे. परत आलो की ते पोत्यावर आडवे व्हायचे. डोळ्यांचं काम ते आता बोटानं करायचे, भोकाच्या काठाला बोट लावून ठेवायचे आणि तेल बोटाला लागलं की ओरडायचे. बोट कधी चुकलं नाही. मी मनात म्हणायचो, ही रीत उस्मानभाईलाही सुचली नव्हती.

शेवटी व्हायचं ते झालं. आबा अंगणात पडले, हाड मोडलं नाही, पण प्रकाश आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. या वेळी सांगायला गिअरबॉक्सही नव्हता. जाताना आबांनी प्रकाशला त्याची गाडी माझ्या शेडवरून न्यायला लावली आणि काच खाली केली. "विकू नगंस तिला," एवढंच म्हणाले. प्रकाशनं पिकअपकडे पाहिलं. चाकांना ताजी माती होती, म्हणजे ती चांगली चालू स्थितीत आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं मला नमस्कार केला आणि काही विचारलं नाही.

मग आमचे फोन सुरू झाले. "कसं हाय?" "बरं आहे. तुमचं?" "बरं हाय." आणि पुढे गप्प.  हे सगळं मी एकदा ऐकलं होतं, ते कुठं जाऊन संपतं तेही मला माहीत होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात मी एक केलं. आबांची पिकअप काढली, कुंभारीपर्यंत एकटाच फेरी मारून आलो. बाजूचा नट सोडवला, खालचा खोलला, परात लावली. तेल स्वच्छच होतं. खालचा नट परत लावला, नळी तारेनं बांधली, नरसाळं भरून बॉनेटला अडकवलं आणि पोत्यावर आडवा होऊन पुण्याला फोन लावला. फोन कानाशी ठेवला आणि बोट काठाला.

"आबा, तुमच्या गाडीचं तेल भरतोय. गप्पा मारा."

पलीकडून आबांचा आवाज असा आला, की जणू ते माझ्या शेजारीच पडलेत. "नळी नीट बांदलीस का? मागल्या टायमाला लई वळवळत हुती." मग त्यांनी माझ्यामागचे माग ऐकू येतात म्हणून सांगितलं. सुनेच्या हातची भाकरी पातळ होते म्हणाले. खिडकीतून फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात म्हणाले, आणि त्याही नीट दिसत नाहीत. बायकोचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मीही माझ्या बायकोबद्दल बोललो, उस्मानभाईबद्दल बोललो. बोलता बोलता बोटाला तापलेला काठ लागायचा थांबला आणि गार, जाड तेल लागलं. मग ते बोटावरून मनगटावर उतरलं आणि बाहीत शिरलं.

"काय रं मिस्त्री," आबांनी विचारलं, "आलं का काठाला?"

परातीत थेंब पडत होते, त्यांचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून मी तळहात खाली धरला.

"अजून नाही, आबा. वेळ आहे."

"येऊ दे सावकास," आबा म्हणाले. "मला कुटं जायचंय?"